गाडी वेशीबाहेर, माणसं गावात: मेक्सिकोच्या चांदीच्या वाटेवर

(दृश्य: डोंगरउतारावर पसरलेलं रंगीबेरंगी गाव. कॅमेरा छपरांवरून सरकत एका बोळात उतरतो.)

ग्वानाह्वातो शहरात एक बोळ आहे. समोरासमोरच्या दोन सज्जांमध्ये अंतर जेमतेम 70 सेंटिमीटर. या सज्जातून त्या सज्जात झुकून प्रेमी जीव एकमेकांचं चुंबन घेत, अशी दंतकथा. म्हणून नाव पडलं चुंबनाचा बोळ. आमच्या मोटरहोमची रुंदी अडीच मीटर. या गावाशी आपल्या गाडीचं जमणार नाही, हे टेक्सासमधून निघण्याआधीच ठाऊक होतं. तरी तीच घेऊन निघालो. मेक्सिकोतली स्पॅनिश अमदानीतली गावं पाहायला मोटरहोम उत्तम, असं आमचं मत आहे. आणि त्याचं मुख्य कारण हे, की ती गावात शिरत नाही.

(दृश्य: सीमेवरचा पूल. कागदपत्रांची खिडकी.)

लरेडो शहरातले गजबजलेले पूल टाळून आम्ही बाहेरच्या कोलंबिया पुलावरून नदी ओलांडली. टेक्सासच्या बाजूला तिला रिओ ग्रान्दे म्हणतात, मेक्सिकोत रिओ ब्राव्हो. पलीकडे पाय ठेवला की पहिलं काम गाडीच्या तात्पुरत्या आयात परवान्याचं. तो देते बान्हेर्सितो, म्हणजे तिथल्या लष्कराची बँक. साध्या मोटारीला हा परवाना तुमच्या मुक्कामापुरता, फार तर 180 दिवसांचा मिळतो. मोटरहोमला मात्र थेट 10 वर्षांचा. अमेरिकेतला गाडीचा विमा इथे चालत नाही, मेक्सिकोचा वेगळा घ्यावा लागतो. आणि अमेरिकेत भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक मोटरहोम सीमेपलीकडे न्यायला मालक परवानगी देत नाहीत, तेव्हा गाडी स्वतःची हवी.

पुण्याहून आलेल्या सासूबाई बरोबर होत्या. त्यांच्या व्हिसाची काळजी करण्याचं कारण नव्हतं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, तर मेक्सिकोत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पण परत अमेरिकेत यायचं असतं, म्हणून तो व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, एवढं तपासून घ्या.

(दृश्य: सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना युक्काची झाडं, मागे उघडे डोंगर.)

साल्तियो मागे पडलं की दक्षिणेला जाणारा रस्ता ओसाड पठारावरून धावतो. वाटेत एका फलकापाशी कर्कवृत्त ओलांडतो.

मेक्सिकोत लांबच्या प्रवासाला बहुधा दोन रस्ते असतात. टोलचा तो ‘क्वोता’, बिनटोलचा तो ‘लिब्रे’. क्वोता महाग, टोल चाकांच्या आसांवर मोजतात. पण लिब्रे गावागावांतून जातो, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी असतो ‘तोपे’. तोपे म्हणजे गतिरोधक. काही रंगवलेले, काही झाडाच्या सावलीत दडलेले. मोटरहोम वेगात तोप्यावर गेली, तर कपाटातली प्रत्येक ताटली आपापली जागा सोडते. दिवसा चालवा, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचा, हा इथला जुना नियम आम्ही कसोशीने पाळला.

आणखी एक खुणेची भाषा शिकावी लागते. पुढच्या ट्रकने डावा दिवा लुकलुकवला, की त्याचा अर्थ असतो, रस्ता मोकळा आहे, या पुढे. किंवा असा, की मी डावीकडे वळतोय. दोन्हींतलं नेमकं काय, हे ज्याचं त्याने ओळखायचं. बिघाड झालाच, तर मुख्य रस्त्यांवर हिरव्या गाड्या फिरत असतात. सरकारी मदतपथक आहे ते, नाव ‘आंखेलेस व्हेर्देस’, हिरवे देवदूत. फोन नंबर 078.

(दृश्य: गुलाबी दगडाचं कॅथेड्रल, दर्शनी भागावर इंचभरही मोकळी जागा न ठेवलेलं कोरीवकाम.)

साकातेकास. उंची 2,400 मीटरच्या वर. जिना चढताना दम लागतो. 1546 साली इथल्या डोंगरात चांदी सापडली आणि ओसाड माळावर शहर उभं राहिलं. मेक्सिको शहरापासून इथपर्यंत, आणि पुढे उत्तरेला आजच्या अमेरिकेतल्या सान्ता फेपर्यंत, बैलगाड्यांची आणि खेचरांची वाट पडली. ‘कामिनो रेआल दे तिएर्रा आदेन्त्रो’, म्हणजे अंतर्भागाकडे जाणारा राजमार्ग. लांबी सुमारे 2,600 किलोमीटर. 2010 साली तिच्या मेक्सिकोतल्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

खाणीतून निघतो तो दगड, चांदी नव्हे. तो दळायचा, त्यात मीठ आणि पारा मिसळायचा, फरसबंद अंगणात तो चिखल पसरायचा आणि त्यावरून खेचरं फिरवायची. कित्येक आठवडे. पारा चांदीला धरतो, मग पारा उडवून लावला की चांदी उरते. ही पद्धत बार्तोलोमे दे मेदिनाने 1550च्या दशकात पाचुकात बसवली. पारा यायचा स्पेनमधल्या अल्मादेनहून, महासागर ओलांडून. तो तुडवणाऱ्या माणसांच्या आणि जनावरांच्या अंगात काय भिनलं, ते या कॅथेड्रलच्या कोरीवकामात कुठे दिसत नाही. खाणीत उतरणारे होते मूळचे रहिवासी आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम. एल एदेन नावाच्या जुन्या खाणीत आज पर्यटकांना छोट्या रेल्वेगाडीतून नेतात. एदेन म्हणजे नंदनवन. खाणीला हे नाव ठेवणारा नक्कीच आत उतरत नसावा.

या चांदीचं आपल्याशी नातं आहे. ती स्पेनमार्गे युरोपात पसरली, आणि मसाले, कापड, नीळ घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सुरतेला उतरली. तिथल्या टांकसाळीत वितळून तिचे मोगली रुपये झाले. 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, त्या काळात तिथे खेळणाऱ्या चांदीचा बराचसा भाग अमेरिका खंडातल्या खाणींतला होता.

एक गोष्ट सांगायलाच हवी. साकातेकास राज्यात गेल्या काही वर्षांत टोळ्यांचा हिंसाचार वाढला, आणि अमेरिकी सरकारने आपल्या नागरिकांना तिथे जाऊ नका, असा सल्ला दिला होता. आम्ही टोलच्या रस्त्याने, भरदिवसा गेलो. तुम्ही जाण्याआधी ताज्या सूचना वाचा आणि मग ठरवा. मनात धाकधूक असेल, तर हा टप्पा गाळा. सरळ सान लुईस पोतोसीवरून केरेतारोकडे उतरता येतं.

(दृश्य: जमिनीखालचा दगडी बोगदा. वर कमानी, वळणावर सूर्यप्रकाशाचा पट्टा.)

ग्वानाह्वातो. नकाशावर इथे रस्ते दिसतात आणि मोबाइलमधली बाई मोठ्या आत्मविश्वासाने सांगते, उजवीकडे वळा. वळू नका. निम्मे रस्ते जमिनीखाली आहेत. शहरातून वाहणारी नदी वारंवार पूर आणायची. तिचं पाणी वळवलं आणि 1960च्या दशकात तिच्या जुन्या पात्रातून मोटारींचा रस्ता काढला. वर घरं, खाली बोगदे, बोगद्यांत चौक, चौकांत बसथांबे. शहराभोवती डोंगरावरून ‘पानोरामिका’ नावाचा रस्ता फिरतो. मोठ्या गाडीने तिथे कडेला जागा शोधायची आणि पायऱ्या उतरू लागायचं.

असं का, याला कारण आहे. स्पेनच्या राजाने 1573 साली वसाहतींतल्या शहरांचे नियम काढले. मधे चौक, आसपास चर्च आणि कचेऱ्या, तिथून काटकोनात निघणारे सरळ रस्ते. प्वेब्ला, मोरेलिया अशी शहरं तशीच दिसतात. पण जिथे चांदी सापडली, तिथे नियम पाळायला सपाट जमीन कुठे होती? जिथे शीर लागली तिथे खाण, खाणीशेजारी झोपडी, दोन झोपड्यांमधली पाऊलवाट म्हणजेच गल्ली. ग्वानाह्वातो, साकातेकास, ताश्को या तिन्ही गावांचा आराखडा राजाने नव्हे, डोंगराने काढला.

उतरताना डाव्या हाताला सूर्यप्रकाशात तापलेली एक आडदांड दगडी इमारत दिसते, आलोंदिगा. हे धान्याचं कोठार. 28 सप्टेंबर 1810 रोजी, स्पेनविरुद्ध बंड पुकारणाऱ्या पाद्री मिगेल इदाल्गोच्या मागे आलेल्या जमावाने यावर हल्ला केला. आत स्पॅनिश कुटुंबं आपला खजिना घेऊन लपली होती. पिपिला नावाच्या खाणकामगाराने पाठीवर दगडी लादी बांधून, गोळ्या चुकवत दरवाजाला आग लावली, असं सांगतात. पुढच्या वर्षी इदाल्गो पकडला गेला. त्याचं आणि आयेंदे, अल्दामा, हिमेनेस या त्याच्या साथीदारांचं शिर लोखंडी पिंजऱ्यांत घालून याच कोठाराच्या चार कोपऱ्यांवर टांगलं, आणि स्वातंत्र्य येईपर्यंत, 1821 पर्यंत, ती तशीच होती. आज खालच्या पायऱ्यांवर कॉलेजची मुलं मक्याची कणसं खात बसलेली असतात.

(दृश्य: मंडई. टोपल्यांत निवडुंगाची हिरवी पानं, बायका सुरीने काटे काढताहेत.)

मोटरहोमचा खरा फायदा मंडईत कळतो. हॉटेलात उतरलेला माणूस भाजी नुसती बघतो. आपल्यामागे चूल असते. सासूबाईंनी काटे काढलेला निवडुंग घेतला, नाव नोपाल, आणि लसणाच्या फोडणीवर परतला. भेंडीसारखा बुळबुळीत, वर किंचित आंबट. मिरची कुठली घ्यायची, यावर भाजीवाली आणि त्या यांच्यात बराच वेळ चर्चा झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्याने काही अडलं नाही.

पाण्याचं मात्र बघावं लागतं. प्यायला 20 लिटरचा ‘गार्राफोन’ विकत घ्यायचा, टाकीतलं पाणी भांड्यांना आणि अंघोळीला. शौचालयाची टाकी रिकामी करण्याच्या जागा अमेरिकेच्या मानाने फारच कमी, म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना दृश्याआधी हे विचारायचं.

(दृश्य: आतोतोनिल्को. पांढऱ्या भिंती, आत छतापासून जमिनीपर्यंत चित्रं.)

दोलोरेसमध्ये आमचा मुक्काम छोटाच होता. 16 सप्टेंबर 1810 च्या पहाटे इदाल्गोने बंडाची हाक दिली ती इथल्या चर्चपाशी. चौकात आइस्क्रीमच्या गाड्या लागतात, त्यांवर कोळंबीचं आइस्क्रीमही मिळतं. आम्ही आंब्याचं घेतलं.

पण पुढचं आतोतोनिल्को चुकवू नका. बाहेरून साधं तीर्थक्षेत्र; आत भिंतींवर, कमानींवर, छतावर मार्तिनेस दे पोकासांग्रे नावाच्या चित्रकाराने 18व्या शतकात रंगवलेली चित्रं आणि त्यांमधून पेरलेल्या कविता. इथूनच इदाल्गोने ग्वादालुपेच्या मातेचं, म्हणजे मेरीचं, चित्र उचललं आणि त्याचाच झेंडा केला.

सान मिगेल दे आयेंदे सुंदर आहे, यात वाद नाही. सुरुवात झाली ती राजमार्गाच्या रक्षणासाठी. चांदीच्या गाड्यांवर चिचिमेका टोळ्यांचे हल्ले होत, म्हणून इथे वस्ती मजबूत केली. टोकदार गुलाबी चर्चचा दर्शनी भाग 19व्या शतकाच्या अखेरीस सेफेरिनो गुतिएर्रेस या स्थानिक गवंड्याने उभारला. युरोपातल्या चर्चची चित्रं पाहून त्याने तो बेतला, असं म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिक इथे सरकारी शिष्यवृत्तीवर कला शिकायला आले, आणि मागोमाग निवृत्त मंडळी. आज चौकात इंग्रजी इतकी ऐकू येते, की स्पॅनिशचा सराव करायला रिक्षा-टॅक्सीचा थांबा गाठावा लागतो. आमच्या मते गाव थोडं जास्तच नटलंय. दोन वळणं सोडून मागच्या गल्ल्यांत गेलात, तर अजून लोहार आणि बेकरीवाले सापडतात.

(दृश्य: केरेतारोचा जलसेतू.)

केरेतारोत दोन्ही प्रकारची शहरं शेजारी शेजारी दिसतात. एका बाजूला स्पॅनिशांचे सरळ रस्ते, लगतच मूळच्या रहिवाशांच्या वाकड्या गल्ल्या. 18व्या शतकातला जलसेतू 74 कमानींचा. इथल्याच टेकडीवर 19 जून 1867 रोजी फ्रेंचांनी मेक्सिकोच्या गादीवर बसवलेल्या सम्राट माक्सिमिलियानला गोळ्या घातल्या, आणि 1917 ची राज्यघटना इथेच झाली. ती आजही लागू आहे.

(दृश्य: पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी, माथ्यावर धूर. पिवळ्याधमक झेंडूची शेतं.)

मेक्सिको शहर टाळायचं, कारण तिथे नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे ठरावीक दिवशी गाड्यांना बंदी असते. आर्को नोर्ते हा टोलरस्ता वळसा घालून प्वेब्लाकडे नेतो. गाडी शेजारच्या चोलुला गावात लावली आणि बसने प्वेब्ला शहरात गेलो.

प्वेब्लात जेसुइटांच्या चर्चमध्ये कातारिना दे सान हुआन हिची समाधी आहे. ही हिंदुस्थानात जन्मलेली मुलगी. पोर्तुगीज चाच्यांनी पळवली, कोचीमार्गे फिलिपिन्समधल्या मनिलाला विकली, आणि मनिलाच्या गलबतातून गुलाम म्हणून इथे आणली. तिला साक्षात्कार होतात म्हणून लोक तिला संत मानू लागले. 1688 साली ती गेली आणि थोड्याच वर्षांत धर्मन्यायालयाने तिची चित्रं बाळगायला बंदी केली. मेक्सिकोचा झगमगता ‘चिना पोब्लाना’ पोशाख तिच्या नावाशी जोडतात. ती बिचारी साध्याच कपड्यांत राहायची.

जवळच सान फ्रान्सिस्को चर्च. काचेच्या पेटीत सेबास्तियान दे आपारिसिओचा देह. हा 1502 साली स्पेनच्या गालिसियात जन्मलेला शेतकरी. त्याने इथे बैलगाड्या बांधल्या, बैल शिकवले, साकातेकासपर्यंत गाडीवाट काढली. म्हातारपणी सगळं वाटून टाकून फ्रान्सिस्कन साधू झाला. 1600 साली वारला. मेक्सिकोतले ट्रकवाले, टॅक्सीवाले त्याला आपला रक्षणकर्ता मानतात आणि नवी गाडी आशीर्वादाला आणतात.

सासूबाईंना हे ताबडतोब पटलं. दसऱ्याला स्कूटरला जो झेंडू आपण वाहतो, तोही मूळचा मेक्सिकोचाच, आणि बाहेर फुलवाली होतीच. गाडी चोलुलात, म्हणून किल्लीलाच फूल बांधून ती पुढे केली. पाद्रीबाबांनी किल्ली निरखली, गाडी केवढी आहे ते विचारलं. आम्ही हातांनी लांबी दाखवली. त्यांनी एकदा पाणी शिंपडलं, क्षणभर विचार केला आणि पुन्हा एकदा शिंपडलं.