गेलेला दात आणि उरलेले दात

(पडद्यावर: सदाशिव पेठेतला जुना लाकडी जिना, पहिल्या मजल्यावर दंतवैद्यांची पाटी, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला.)

मूल सहा वर्षांचे होते त्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात आधी पडलेला नसतो, त्यामुळे बहुतेक घरांत ती दुधाचीच समजली जाते; ‘पडेल आणि नवी येईल’ या भरवशावर तिच्यातल्या किडीकडे दुर्लक्ष होते आणि आयुष्यभर चावण्याचा सर्वाधिक भार ज्या दाढेने उचलायचा, तीच अनेकदा सर्वांत आधी काढावी लागते. पेठांमधल्या जुन्या दवाखान्यांत काय किंवा बाणेर-खराडीच्या नव्या चिकित्सालयांत काय, चाळिशीतला एखादा रुग्ण ‘मागची एक दाढ नाही, पण त्यावाचून काही अडत नाही’ असे सांगतो, तेव्हा तो बहुधा याच दाढेविषयी बोलत असतो.

काही अडत नाही हे त्याचे म्हणणे काही काळ खरेही असते, कारण माणूस नकळत दुसऱ्या बाजूने चावू लागतो आणि गेलेली दाढ हसताना दिसत नाही. तोंडाच्या आत मात्र हालचाल सुरू झालेली असते. मागची दाढ रिकाम्या जागेकडे झुकते. गेलेल्या दाढेच्या समोरच्या जबड्यातल्या जोडीदाराला टेकायला आता काहीच उरलेले नसल्यामुळे तो दात हळूहळू लांब येतो. तिरक्या झालेल्या दातांच्या फटींत अन्न अडकू लागते आणि काल-परवापर्यंत निरोगी असलेल्या दातांना कीड लागते. याहून महत्त्वाचा बदल हाडात होतो. दाताच्या मुळाभोवतीचे हाड हे मुळाला धरून ठेवण्यासाठीच असते, त्यामुळे मूळ गेले की ते झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वाधिक असते. त्या जागेच्या हाडाची रुंदी बारा महिन्यांत निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन गेलेली असते.

म्हणून गेलेल्या दाताच्या जागी काय बसवावे, हा प्रश्न प्रत्यक्षात उरलेल्या दातांविषयीचा आणि उरलेल्या हाडाविषयीचा आहे. किंमत आणि सौंदर्य यांचा विचार अर्थातच करावा लागतो, परंतु तो त्यानंतर.

(पडद्यावर: नळ स्टॉपचा चौक, सिग्नलला थांबलेल्या दुचाकींची गर्दी.)

दात जाण्याची मुख्य कारणे दोनच, कीड आणि हिरड्यांचा आजार. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, आणि तेथून शहरात आलेल्या ज्येष्ठ स्त्रियांमध्ये, आजही आढळते. दात स्वच्छ होतात या समजुतीने लावलेली ही मिश्री हिरड्यांना दातांपासून सोडवत जाते. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांचा आजार बळावला की रक्तातली साखर आटोक्यात आणणे अधिक कठीण होते. तिसरे कारण या शहराच्या रस्त्यांवरचे आहे. दुचाकीवरून पडल्यावर वरचे पटाशीचे दात तुटतात किंवा मुळासकट बाहेर येतात.

मुळासकट बाहेर आलेला कायमचा दात पुष्कळदा वाचवता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून येथे क्षणभर थांबून ते सांगणे योग्य ठरेल. असा दात मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाकडून धरावा, माती लागली असेल तर न घासता हलकेच धुवावा, जमल्यास लगेच त्याच्या जागी बसवावा, न जमल्यास दुधात ठेवावा, आणि शक्य तर अर्ध्या ते एका तासाच्या आत दंतवैद्य गाठावा. मुलाचा दुधाचा दात मात्र असा परत बसवत नाहीत.

जो दात गेला तो गेलाच, अशा वेळी सर्वांत जुना आणि स्वस्त पर्याय काढता-घालता येणाऱ्या दातांचा असतो. गुलाबी अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर बसवलेला एक किंवा अनेक दात तारेच्या आधाराने शेजारच्या दातांवर अडकवतात. त्यासाठी कोणताही दात घासून लहान करावा लागत नाही आणि काम थोड्या फेऱ्यांत उरकते; परंतु ही पट्टी हिरडीवर टेकते, चावण्याचा दाब हिरडीवरच येतो आणि खालचे हाड झिजत राहते. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची ओतीव पट्टी पातळ व भक्कम असते आणि तिचा भार काही अंशी उरलेले दात उचलतात, म्हणून अनेक दात गेलेल्या व्यक्तीसाठी ती अधिक चांगली. अलीकडे तार न दिसणाऱ्या लवचिक पट्टीची मोठी जाहिरात होते. तात्पुरती गरज म्हणून ती ठीक आहे, पण दिसायला सुबक आहे एवढ्याच कारणावरून वर्षानुवर्षे तिच्यावर विसंबावे, असे म्हणता येत नाही.

(पडद्यावर: दंत प्रयोगशाळेतले टेबल, प्लास्टरच्या साच्यावर तीन दातांचा ब्रिज बसवणारे तंत्रज्ञाचे हात.)

पक्के दात हवेत असे म्हणणाऱ्या रुग्णासमोर आजही बहुधा ब्रिजचाच पर्याय प्रथम ठेवला जातो. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात चारही अंगांनी घासून लहान करतात, माप घेतात, प्रयोगशाळेतून एकमेकांना जोडलेल्या तीन कॅप तयार होऊन येतात, आणि कडेच्या दोन कॅप घासलेल्या दातांवर सिमेंटने चिकटवल्या की मधली कॅप रिकाम्या जागेवर उभी राहते. या कॅप धातूवर सिरॅमिक चढवलेल्या असतात किंवा पूर्णपणे झिर्कोनियाच्या असतात. काम एक-दोन आठवड्यांत पूर्ण होते, शस्त्रक्रिया नसते आणि चावताना दात आपलाच वाटतो.

एका दातासाठी दोन दात घासले जातात, ही त्याची खरी किंमत, आणि ती बिलावर लिहिलेली नसते. घासलेल्या दाताचे कवच पुन्हा कधीच येत नाही. शेजारचे दात आधीच मोठ्या प्रमाणावर भरलेले असतील, त्यांचे रूट कॅनॉल झालेले असेल, त्यांना कॅपची गरज असेलच, तर ब्रिज हा उत्तम निर्णय ठरतो. परंतु दोन्ही बाजूंचे दात अखंड, निरोगी असताना केवळ लवकर होते म्हणून ब्रिज करणे हा व्यवहार तोट्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ब्रिज केल्यावर मधल्या दाताखालून विशेष दोरा किंवा बारीक ब्रश रोज फिरवावा लागतो. ते शिकवायला पाच मिनिटे लागतात, आणि नेमकी तीच पाच मिनिटे पुष्कळदा दिली जात नाहीत. मग कॅपच्या कडेखाली कीड शिरते, ती वरून दिसत नाही, आणि आधाराचा एक दात गेला की सगळा ब्रिज जातो.

पुढचा एखादाच दात गेला असेल आणि रुग्ण अठरा वर्षांखालचा असेल, तर शेजारच्या दातांच्या मागच्या बाजूस पातळ पंख चिकटवून बसवलेला मेरीलँड ब्रिज उपयोगी पडतो. त्यासाठी दात जवळजवळ घासावे लागत नाहीत. वाढत्या वयात इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा दात, करत नाहीत, कारण जबडा व आजूबाजूचे दात वाढत राहतात आणि इम्प्लांट जागच्या जागी राहून पुढे आखूड दिसू लागते.

इम्प्लांटची कथा स्वीडनमध्ये सुरू होते. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५०च्या दशकात सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते; त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोगानंतर काढायला गेले, तर ते निघेना. हाड धातूला थेट जुळून आले होते. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, आणि ते लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, टिकले. दंतवैद्यकाच्या जगाने मात्र ही गोष्ट खऱ्या अर्थाने स्वीकारली ती १९८२ मध्ये टोरंटो येथे झालेल्या परिषदेनंतर.

आज इम्प्लांट म्हणजे साधारण सेंटीमीटरभर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर बसणारा जोडभाग आणि त्यावर कॅप. थ्रीडी स्कॅनमध्ये हाडाची उंची-रुंदी आणि खालच्या जबड्यातली नस पाहून जागा ठरवतात. स्क्रू बसवल्यानंतर, नेहमीच्या पद्धतीत, हाड जुळून येण्यासाठी खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि हाड अधिक सच्छिद्र असलेल्या वरच्या जबड्यात सहा महिन्यांपर्यंत थांबावे लागते. हाड कमी असेल तर आधी हाडाची पावडर भरावी लागते. वरच्या दाढांच्या जागी ते कमी असेल तर कधी सायनसचा, म्हणजे नाकाशेजारच्या हवेच्या पोकळीचा, तळ उचलावा लागतो. दात काढताना खड्ड्यात तशी पावडर भरून हाडाची झीज कमी करता येते, म्हणून पुढे काय बसवायचे याची चर्चा दात काढण्यापूर्वीच व्हायला हवी. काही निवडक रुग्णांत दात काढल्याच दिवशी इम्प्लांट व तात्पुरती कॅप बसवता येते, मात्र शहरभर लागलेल्या फलकांवरून वाटते तितके हे सरसकट शक्य नसते.

इम्प्लांटचा मोठा गुण असा की शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही आणि हाडाला काम मिळत राहते. दहा वर्षांनंतरही ९० टक्क्यांहून अधिक इम्प्लांट टिकून असल्याचे अभ्यासांत सातत्याने आढळते. तरीही ते दात नव्हे. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचे बारीक आवरण असते. ते दुचाकीच्या शॉकअब्सॉर्बरसारखे दाब झेलते आणि भाकरीत खडा आला तर क्षणात कळवते. इम्प्लांटला हे आवरण नसते. त्याला कीड लागत नाही, पण भोवतीच्या हिरडीला सूज येऊन हाड खचू शकते आणि त्या अवस्थेत बराच काळ दुखतही नाही. धूम्रपान करणारे, मधुमेह आटोक्यात नसलेले, जबड्यावर रेडिएशन झालेले किंवा हाडांच्या ठिसूळपणावर बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेणारे यांनी ही माहिती दंतवैद्यांना आधीच द्यावी.

(पडद्यावर: खिडकीशेजारी बसलेली तरुणी, तिच्या ओठांजवळ धरलेली दातांच्या रंगछटांची पट्टी.)

दिसण्याचा प्रश्न पुढच्या दातांत येतो, आणि तेथे रंगापेक्षा हिरडी अधिक त्रास देते. हाड झिजले की हिरडी वर सरकते, दोन दातांमधले हिरडीचे टोक नाहीसे होते आणि कॅप कितीही सुंदर असली तरी तिच्याखाली काळी फट दिसते. ज्यांची हिरडी हसताना दिसते त्यांनी ही शक्यता आधीच समजून घ्यावी. रंग दिवसाच्या उजेडात, शक्यतो खिडकीपाशी, आणि कॅपसाठी दात घासून लहान करण्यापूर्वी ठरवावा, कारण काम चालू असताना दात कोरडे होऊन जास्त पांढरे दिसतात. साठीच्या माणसाला पांढरेशुभ्र दात बसवले की ते बसवलेले आहेत हे लांबूनच कळते. थोडी पिवळसर छटा आणि कडेची किंचित झीज यांमुळे दात खरा वाटतो, आणि ते कसब पुष्कळ अंशी प्रयोगशाळेतल्या त्या तंत्रज्ञाचे असते, ज्याला रुग्ण कधी भेटत नाही. पुढच्या दातांची लांबी वा जाडी चुकली तर ‘व’ उच्चारताना ओठ अडतो आणि ‘स’ शीळ घालतो. म्हणून काम पक्के करण्यापूर्वी काही वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत.

सगळेच दात गेलेल्यांसाठी कवळी आजही सर्वाधिक वापरली जाते. वरची कवळी टाळूवर पसरते आणि लाळेच्या पातळ थरामुळे घट्ट धरते. खालचीला तेवढी जागा नसते, मध्ये जीभ असते, त्यामुळे ती बोलताना-जेवताना उचलली जाते. कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या साधारण एक चतुर्थांश असतो, म्हणून आजी-आजोबा भाकरी दुधात कुस्करून खातात आणि दिवाळीत चकलीकडे नुसते पाहतात. अशा रुग्णाला ‘सवय होईल’ असे सांगून घरी पाठवणे पूर्वी स्वाभाविक होते. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मात्र खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी, हाच प्रथम पसंतीचा उपाय मानावा असे एकमताने मांडले. चार किंवा अधिक इम्प्लांटवर संपूर्ण पक्की बत्तिशी बसवण्याची पद्धतही आता रुळली आहे. तिचा खर्च मोठा असतो, आणि हात थरथरणाऱ्या वृद्धाला तिच्याखालची सफाई जमेल का, हे घरच्यांनी आधी पाहावे.

साधी कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात घालू नये, आणि हाड झिजून ती सैल झाली की चिकट पावडरीवर दिवस न काढता तिला आतून नवे अस्तर लावून घ्यावे.

खर्च परवडत नाही म्हणून तासाभरात ‘पक्का दात’ बसवून देणाऱ्या अप्रशिक्षित माणसाकडे जाणारेही आहेत. तो अ‍ॅक्रिलिक थेट तोंडात घट्ट होऊ देतो, हिरडी भाजते, आणि तारेने बांधलेले शेजारचे चांगले दात वर्ष-दोन वर्षांत हलू लागतात. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडील नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. धनकवडीचे भारती विद्यापीठ, वडगावचे सिंहगड, पिंपरीचे डी. वाय. पाटील आणि कॅम्पातील रंगूनवाला या दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पदवीचे व पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली ही कामे करतात. अशा ठिकाणी शुल्क खासगी दवाखान्यापेक्षा सहसा बरेच कमी असते. वेळ अधिक द्यावा लागतो, फेऱ्या वाढतात, पण नोकरीतून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ते जमण्यासारखे आहे.

इम्प्लांट केलेल्या प्रत्येकाने कंपनीचे नाव, इम्प्लांटची जाडी-लांबी आणि बसवल्याची तारीख लिहिलेले कार्ड दंतवैद्यांकडून मागून घ्यावे. एका कंपनीचा जोडभाग दुसऱ्या कंपनीच्या स्क्रूवर सहसा बसत नाही, आणि पुण्यातले अनेक ज्येष्ठ पुढे मुलांकडे बंगळुरूला किंवा परदेशी राहायला जातात. तेथे कॅप सैल झाली, तर समोरच्या दंतवैद्याला सर्वप्रथम हवे असते ते हे कार्ड.