लाबान: तुरुंगात जन्मलेल्या पक्षाची गोष्ट

(दृश्य: मनिला शहर, रात्रीची वेळ)

6 एप्रिल 1978. मनिलात अंधार पडला आणि घराघरांतून भांडी वाजायला लागली. पातेली, झाकणं, हाताला लागेल ते. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, चर्चच्या घंटा. फिलिपिन्सवर राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांचा मार्शल लॉ होता. उघड बोलायची धास्ती होती, पण आपल्याच स्वयंपाकघरात पातेलं बडवणाऱ्याला कोण अडवणार?

दुसऱ्या दिवशी संसदेसाठी मतदान होतं, आणि हा सगळा गजर तुरुंगातल्या एका उमेदवारासाठी होता.

मार्कोस यांचे विरोधक निनॉय आकिनो. लष्करी न्यायालयाने त्यांना आधीच्याच वर्षी मृत्युदंड सुनावला होता. कोठडीतूनच त्यांनी पक्ष उभा केला: ‘लाकास नांग बायान’, म्हणजे जनतेची ताकद. थोडक्यात ‘लाबान’, आणि फिलिपिनो भाषेत लाबान म्हणजे लढा. अंगठा आणि तर्जनी ताणली की इंग्रजी ‘एल’ होतो, तीच या पक्षाची खूण. उमेदवाराला सभेला येता येत नव्हतं, म्हणून त्याची सात वर्षांची लेक क्रिस व्यासपीठावर उभी राहून वडिलांसाठी मतं मागायची.

निकाल लागला. मनिला परिसरातल्या 21 पैकी 21 जागा मार्कोस यांच्या पक्षाला. मतमोजणीवर लोकांचा विश्वास बसला नाही. निषेध मोर्चा निघाला आणि लाबानचे काही उमेदवार थेट तुरुंगात गेले. त्यांतले एक होते अकिलिनो पिमेंतेल.

(दृश्य: कागायान दे ओरो, नदी आणि बाजार)

पिमेंतेल दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरचे. फिलिपिन्समध्ये सगळं राजकारण मनिलातून चालतं, बाकीच्या बेटांनी मान डोलवायची, हे त्यांना सलत होतं. 1980 मध्ये ते तिथल्याच कागायान दे ओरो शहराचे महापौर झाले आणि 1982 मध्ये मिंदानाओ आणि विसायस बेटांवरच्या साथीदारांना घेऊन त्यांनी ‘पार्तिदो देमोक्रातिको पिलिपिनो’, म्हणजे पीडीपी, काढला. सभासद व्हायचं तर आधी शिबिराला बसायचं, पक्षाचा विचार समजून घ्यायचा, असा त्यांचा आग्रह. घराण्यांवर चालणाऱ्या राजकारणात ही फार मोठी गोष्ट होती, असं मला मनापासून वाटतं.

21 ऑगस्ट 1983. तुरुंगातून उपचारांसाठी अमेरिकेला गेलेले निनॉय परतले आणि मनिलाच्या विमानतळावरच त्यांना गोळी घातली गेली. त्याच वर्षी पीडीपी आणि लाबान एकत्र आले आणि 1986 पर्यंत विलीनीकरण पूर्ण झालं: पीडीपी-लाबान. एकाने संघटना आणली, दुसऱ्याने हुतात्म्याचं नाव. फेब्रुवारी 1986 मध्ये मनिलातल्या एड्सा रस्त्यावर लाखो लोक उतरले, मार्कोस देश सोडून गेले आणि निनॉय यांच्या पत्नी कोरी राष्ट्राध्यक्ष झाल्या.

सत्ता आली तशी माणसंही आली. फिलिपिनो लोक पक्षबदलूला ‘बालिम्बिंग’ म्हणतात. बालिम्बिंग म्हणजे आपलं करंबळ. फळ हातात घेऊन फिरवा, जिकडून बघाल तिकडून नवीन तोंड. 1988 मध्ये कोरींचे भाऊ पेपिंग कोहुआंगको यांचा गट बाहेर पडून दुसऱ्या पक्षात विलीन झाला. पिमेंतेल उरलेला पक्ष धरून बसले आणि पुढची कित्येक वर्षं तो लहानच राहिला.

2016 मध्ये दावाओचे महापौर रोद्रिगो दुतेर्ते याच पक्षाच्या तिकिटावर राष्ट्राध्यक्ष झाले. प्रतिनिधीगृहात पक्षाचे फक्त 3 जण निवडून आले होते. पण निकालानंतर इतर पक्षांतून रीघ लागली आणि बघता बघता हा सभागृहातला सर्वात मोठा पक्ष झाला. आता शिबिर कोण घेणार आणि कोण बसणार? पिमेंतेल यांचं आयुष्य ज्या रांगेविरुद्ध बोलण्यात गेलं, तीच रांग त्यांच्या पक्षाच्या दारात उभी होती. हे बघताना जीव तुटतो.

पुढे पक्ष दोन गटांत फाटला. एका बाजूला मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओ आणि पिमेंतेल यांचे पुत्र कोको, दुसऱ्या बाजूला दुतेर्ते समर्थक अल्फोन्सो कुसी. 2022 मध्ये निवडणूक आयोगाने कुसी गटाला मान्यता दिली.

(दृश्य: ताणलेला अंगठा आणि तर्जनी, जुनं छायाचित्र)

2024 मध्ये पक्षाने नाव आखूड केलं. आता तो नुसता पीडीपी आहे. ‘लाबान’ हा शब्द गेला. पिमेंतेल 2019 मध्येच वारले होते.