तोफ कुणी ओतली, कुणी जिंकली

[दृश्य: विजापूर, शेरझा बुरूज. तोफेचं तोंड अगदी जवळून]

उघडा जबडा, आणि दातांखाली चिरडलेला हत्ती. ही मलिक-ए-मैदान. सुमारे साडेचार मीटर लांब, वजन अंदाजे 55 टन. विजापुरात आहे म्हणून ती आदिलशाहीचीच, असं पाहणारे धरून चालतात. तिच्या अंगावरचा लेख मात्र निजामशाहाचं नाव सांगतो. ओतणारा मुहंमद, नावापुढे 'रूमी', म्हणजे तुर्की मुलखातला. साल हिजरी 956.

हिजरी सालाला 0.97 ने गुणायचं आणि 622 मिळवायचे. 956 चे 1549 येतात. बुऱ्हाण निजामशाहाचा काळ. तोफ अहमदनगरची! तिथून ती परांड्याला गेली आणि 1632 च्या सुमारास आदिलशाही फौजेने ती विजापुरी आणली.

[दृश्य: दुसरा लेख]

हा औरंगजेबाचा. हिजरी 1097, म्हणजे 1686. विजापूर पडलं ते वर्ष. एवढाच लेख वाचून थांबलात, तर तोफ मोगलांची ठरते.

लढाईत मिळालेल्या तोफेवर जिंकणारा आपलं नाव घालतोच. म्हणून आधी अक्षर पाहावं. साच्यातच असलेलं अक्षर धातूबरोबर ओतलं जातं, ते कारखान्याचं. छिन्नीने खोदलेलं अक्षर केव्हाचंही असू शकतं. आजूबाजूचा धातू खरवडूनही अक्षर उठावाचं करता येतं, तेव्हा कडेला छिन्नीच्या खुणा शोधाव्यात. अंधार पडल्यावर टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरला, की दिवसा न दिसणारं अक्षर सावलीने उठून येतं. तारेचा ब्रश मात्र तोफेला लावूच नये.

[दृश्य: किल्ल्यातली बिडाची तोफ]

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या तोफा कमी बोलतात. पाच छोट्या ढाली क्रुसासारख्या मांडलेल्या असतील, तर पोर्तुगीज राजचिन्ह. व्ही, ओ, सी ही रोमन अक्षरं एकात एक गुंफलेली असतील, तर डच कंपनी. पण मग तोफ गाड्यावर तोलून धरणाऱ्या दोन्ही खुंटांची टोकं बघा. तिथे रोमन एफ असेल, तर ती स्वीडनमधल्या फिन्सपोंगच्या कारखान्यातली. मालक डच, ओतीव काम स्वीडिश.

इंग्रजी तोफेच्या पिछाडीला 23-2-11 असे आकडे सापडतात. पुष्कळजण त्यांना तारीख समजतात. ते वजन आहे: 23 हंड्रेडवेट, 2 क्वार्टर, 11 रत्तल (पौंड). हंड्रेडवेट 112 रत्तलांचा, क्वार्टर 28 चा. एकूण 2643 रत्तल, जवळपास 1200 किलो.

नळीचा व्यास तोंडाशी मोजणं ही नेहमीची चूक. नऊ रत्तली, म्हणजे नऊ रत्तलांचा गोळा उडवणाऱ्या इंग्रजी तोफेची नळी 107 मिलिमीटर, बारा रत्तलीची 117. गंजाने नळी चहूबाजूंनी 5 मिलिमीटर खाल्ली, की नऊची बारा होते. हातभर आत, आडवं आणि उभं, दोन्ही मापं घ्यावीत आणि वजनाच्या आकड्याशी ताडून पाहावीत.

[दृश्य: चौकातली तोफ, पिछाडी काँक्रीटमध्ये]

सुशोभीकरणात तोफ पिछाडीकडून अशी काँक्रीटमध्ये रोवतात आणि वर ऑइलपेंट चढवतात. वजनाचा आकडा त्या काँक्रीटमध्ये जातो. खुंटावरचं अक्षर रंगाखाली. तोफ मांडायचीच, तर दोन लाकडी ओंडक्यांवर मांडावी. खुंट आणि पिछाडी उघडी राहते.