दोन खुर्च्या आणि एक बॅटरी

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, नसतील तर ताट घेऊन बसा, रेडिओचं हे बरं असतं, बघावं लागत नाही. आज मला विषय दिलाय तो असा की टीव्हीवरचं सिनेमाचं परीक्षण, म्हणजे ते जाकीट घालून कोणीतरी बसायचं आणि या शुक्रवारी काय बघा, काय नको ते सांगायचं, ते आता इंटरनेटच्या जमान्यात चालतं का. आता रेडिओवर बसून टीव्हीबद्दल बोलायचं म्हणजे सवतीचं कौतुक करायला सांगितल्यासारखं आहे, पण करतो.

आधी थोडं अमेरिकेचं, कारण त्याशिवाय माझी गोष्ट कळणार नाही, आणि खरं सांगू का, मी गोष्ट सांगायलाच आलोय. तर १९७५ साली शिकागोमध्ये तिथल्या एका देणग्यांवर चालणाऱ्या चॅनलने दोन माणसं शेजारी शेजारी बसवली. एक रॉजर एबर्ट, सन-टाइम्स पेपरचा, जाडा, चष्मेवाला, त्याच वर्षी त्याला पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मोठं बक्षीस, मिळालेलं, सिनेमावर लिहिणाऱ्याला पहिल्यांदाच. दुसरा जीन सिस्केल, ट्रिब्यून पेपरचा, उंच, सडपातळ, वरचे केस गेलेले. एकाच गावातले दोन पेपर, एकमेकांची बातमी मारायला टपलेले, आणि त्या दोन पेपरातली ही दोन माणसं. थिएटरच्या बाल्कनीसारखा सेट, पिक्चरचा एक तुकडा दाखवायचा आणि मग भांडायचं. खरंखुरं भांडायचं हां, आपल्याकडे न्यूजमध्ये आठ चौकोनात आठ जण ओरडतात तसं नाही. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी अंगठा आणला, आवडला तर वर, नाही आवडला तर खाली, आणि दोघांचे अंगठे वर गेले की निर्माते ते पोस्टरवर छापायचे. १९९४ मध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या दोन गरीब पोरांवरचा जवळजवळ तीन तासांचा माहितीपट आला होता, तो या दोघांनी असा काही उचलून धरला की लोक शोधत शोधत बघायला गेले. तीन तासांचा माहितीपट, मंडळी! आपल्याकडे वीस मिनिटांचा लावला तरी लोक घड्याळ बघतात.

हे का चाललं? माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी आज तीनदा तरी सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. ते अंगठ्यामुळे नाही चाललं. दोन खुर्च्या होत्या म्हणून चाललं. दोन खुर्च्या, लक्षात ठेवा.

आता गोष्ट.

साल १९९६, जागा लालबाग. आमच्या चाळीत केबल आलेली, जिन्याखाली केबलवाल्याची कंट्रोल रूम, कंट्रोल रूम म्हणजे काय तर दोन व्हीसीआर, एक टेबलफॅन आणि एक गणपतीचा फोटो. रोज रात्री साडेदहाला तो व्हीसीआरवर पिक्चर लावायचा आणि खाली पट्टी फिरायची, साड्यांचा सेल, दहावीचे क्लासेस, चकली भाजणी मिळेल. शुक्रवारी दहा ते साडेदहा त्याच्या लाइनवर काहीच नसायचं, नुसती निळी स्क्रीन, आणि जाहिरातवाले बोंब मारायचे की आमची पट्टी निळ्यावर कोण बघणार. तर तो मला म्हणाला, तू ते गॅलरीत उभा राहून पिक्चरचं काय काय बोलत असतोस ना, ते इथे येऊन बोल. मी तेव्हा प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचा मेंबर, खांद्याला शबनम, तोंडात 'अवकाश' आणि 'दृश्यभाषा' असे शब्द, मला काय, बोलवायचाच अवकाश! मी सिस्केल-एबर्टबद्दल कुठेतरी वाचलेलं, मी म्हटलं बोलतो, पण दोन खुर्च्या पाहिजेत आणि समोर कोणीतरी भांडणारा पाहिजे.

भांडणारा मिळाला परबकाका. परबकाका परळच्या बाजूच्या एका थिएटरात डोअरकीपर, म्हणजे बॅटरी घेऊन लोकांना सीट दाखवणारा माणूस. आता ही जमात राहिली नाही, आता लोक मोबाइलचा लाइट पाडत स्वतःच येतात आणि माझ्या पायावर पाय देतात, तो वेगळा विषय, त्यावर मी वेगळं भाषण देऊ शकतो. तर परबकाकांनी तीस वर्षांत शेकडो पिक्चर बघितलेले पण एकही सलग नाही. सगळे तुकड्यांत, दाराच्या पडद्यातून. आणि त्यांचं लक्ष पडद्यावर नसायचंच, ते बघायचे माणसं. कुठल्या गाण्याला लोक मुतायला उठतात, कुठे खोकला वाढतो, कुठे पुढच्या रांगेतली पोरं एकदम गप्प होतात. त्यांचा एक सिद्धांत होता की वाईट पिक्चरला समोसे जास्त खपतात. चांगला असला की लोक इंटरवलची बेल व्हायच्या आधी परत येऊन बसतात, मग कँटीनवाला उपाशी. मी पुढे बरीच समीक्षा वाचली मंडळी, पण समोशाइतकं नेमकं माप मला कुठे सापडलं नाही.

सेट म्हणजे चाळीच्या गणपती मंडळाच्या ऑफिसात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे गणपतीतला मरून रंगाचा पडदा, सोनेरी झालर वगैरे. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा, त्याची ती डोळे फोडणारी लाइट, त्यामुळे पहिल्या भागात आम्ही दोघंही रडून आल्यासारखे दिसत होतो. पहिल्याच भागात मी काकांना सांगितलं, आवडला तर अंगठा दाखवायचा. ते म्हणाले, "ठेंगो दाखवूचो? लोकांक?" मी म्हटलं अमेरिकेत दाखवतात. दाखवला. दोघांनी मिळून अख्ख्या लालबागला दोन ठेंगे दाखवले, आणि कंट्रोल रूमचा फोन जो वाजायला लागला तो थांबेना, एक बाई म्हणाल्या घरात लहान मुलं आहेत हो, आणि एका गृहस्थांना वाटलं वर्गणीवरून आम्ही त्यांनाच टोमणा मारला. दुसऱ्या शुक्रवारी काका स्वतःची ड्युटीची बॅटरी घेऊन आले. बघा असं सांगायचं असेल तर बॅटरी चालू, नाहीतर बंद. झालं, तेव्हापासून चाळीत सोमवारपासून हाच प्रश्न, "काका, या शुक्रवारी पेटणार का?"

असे सात-आठ महिने गेले. मग एक हिंदी पिक्चर आला, नाव सांगत नाही, घराच्या वाटणीवरचा, दोन भाऊ, एक वाडा, संथ. मी वेडा झालो होतो त्या पिक्चरने. मी दहा मिनिटं अवकाशावर बोललो. काकांनी बॅटरी बंद केली आणि मांडीवर ठेवली. म्हणाले, इंटरवलनंतर अठरा जण उठले, त्यातले अकरा परत आले, समोसे संपले. मी चिडलो. मी म्हटलं काका, तुम्ही पिक्चर धड बघितलाय तरी का कधी एखादा? आता हे बोलायला नको होतं, वयाने केवढे मोठे. ते जरा गप्प बसले आणि मग शांतपणे म्हणाले, "झिला, तू पिक्चर बघतंस, मी माणसां बघतंय. तुझो पिक्चर कोणासाठी हा, ता सांग." आणि तिथून जे लागलं भांडण ते अर्ध्या तासात संपलंच नाही, तास-सव्वातास चाललं, उठून जायची सोय नव्हती ना, खोलीच एवढीशी आणि दाराला कॅमेऱ्याचा स्टँड लावलेला. कॅमेरावाला मध्येच विडी ओढायला गेला तर कॅमेरा चालूच. रात्री केबलवाल्याने टेप लावली आणि पंख्याखाली त्याचा डोळा लागला. त्यामुळे ते सगळं भांडण जसंच्या तसं गेलं, साडेदहाचा पिक्चर सव्वाअकराला सुरू झाला, आणि एक माणूस तक्रार करेल तर शपथ. एक फोन आला, तो विचारायला की मग शेवटी कोण जिंकलं.

सकाळी नळावर दोन पार्ट्या. तळमजला आणि पहिला माळा काकांच्या बाजूने, दुसरा आणि तिसरा माझ्या बाजूने, म्हणजे माझ्या बाजूने म्हणण्यापेक्षा काकांच्या विरोधात, कारण पाण्यावरून जुनी खुन्नस. आणि पिक्चर तर कोणीच बघितला नव्हता! म्हणून रविवारी चाळीतली पस्तीस-चाळीस माणसं तो संथ, वाटणीवरचा, न चालणारा पिक्चर बघायला मॅटिनीला गेली. डबे घेऊन.

संध्याकाळी दुसऱ्या माळ्यावरच्या सावंतकाकू मला जिन्यात भेटल्या, काकापण होते बाजूला. काकू म्हणाल्या, दोघंही चुकलात. मी म्हटलं कसं काय. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं त्या भावाभावांचं बोलत बसलात. पिक्चर त्या मोठ्या जावेचा आहे. ती अख्ख्या पिक्चरमध्ये एकदा तरी बसलेली दिसली का तुम्हाला? चहा देताना उभी, भांडणात उभी, सासरा गेला तेव्हा खांबाला टेकून उभी. शेवटी घर रिकामं होतं ना, तेव्हा बसते. पायरीवर. ते बघितलंत का?"

नाही बघितलं. मी पिक्चर दोनदा पाहिला होता, तिसऱ्यांदा गेलो, काकू बरोबर होत्या. शेवटच्या त्या पायरीवर माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई रुमाल शोधत होती. आणि दाराशी परबकाका उभे होते, बॅटरी चालू, जमिनीवर.

तर हे झालं टीव्हीचं परीक्षण, निदान मला माहीत असलेलं. आता वेळ कमी राहिलाय, ते काचेमागून बोटं दाखवतायत, म्हणून बाकीचं पटकन सांगतो.

सिस्केल १९९९ मध्ये गेला. त्याच्या आदल्याच वर्षी इंटरनेटवर रॉटन टोमॅटोज नावाची, समीक्षकांची मतं मोजणारी साइट सुरू झालेली, तिथे गंमत अशी की शंभर समीक्षकांनी म्हटलं 'ठीक आहे, बघा एकदा' तर पिक्चरला मिळतात शंभर टक्के, आणि साठ जणांना तो जीव टाकण्याइतका आवडला आणि चाळीस जणांना अजिबात नाही, तर मिळतात साठ. म्हणजे ज्या पिक्चरवरून भांडण होईल तो खाली आणि ज्यावरून कोणी काही बोलणारच नाही तो वर. शिकागोचा तो कार्यक्रम नवीन चेहरे घेऊन चालला आणि २०१० मध्ये बंद झाला. एबर्टचा तर २००६ मध्ये कॅन्सरच्या ऑपरेशनांनंतर आवाजच गेला, आणि मग तो माणूस इंटरनेटवर इतकं लिहायला लागला की आवाज होता तेव्हा बोलला नसेल तेवढं. २०११ मध्ये नव्या जोडीला घेऊन त्याने परत टीव्हीवर करून बघितलं, ते वर्षभर टिकलं. २०१३ मध्ये तोही गेला.

आपल्याकडे मुंबईत तिखट बोलायची परंपरा जुनी, बाबूराव पटेल १९३५ पासून 'फिल्मइंडिया' मासिकात भल्याभल्यांची सालं काढत होते. पण टीव्हीवर आपण बहुतेक एकच खुर्ची ठेवली. न्यूज चॅनलवर राजीव मसंद यायचे, अनुपमा चोप्रा यायच्या, चांगली बोलायची ही माणसं, पण एकटी, आणि शेवटी पाचपैकी स्टार. स्टार ही माझी जुनी तक्रार आहे. साडेतीन म्हणजे काय? भाजीत मीठ साडेतीन आहे असं म्हणतो का आपण? तर माझं म्हणणं, इंटरनेटने टीव्हीचं परीक्षण मारलं हे खोटं आहे, दुसरी खुर्ची नव्हती तिथे ते आधीच आजारी होतं. इंटरनेटने फक्त ती एक खुर्ची उचलून प्रत्येकाच्या बेडरूममध्ये नेली. आणि जिथे दोघं जण बसतात तिथे दोघंही हो ला हो करतात, कारण पुढच्या आठवड्यात हिरोची मुलाखत पाहिजे असते. मागे बातमी मारायला टपलेले दोन पेपर नाहीत, उद्या सकाळी एका नळावर भेटायचं नाही. दोन खुर्च्या, मंडळी. तिसऱ्यांदा सांगितलं.

मागच्या शुक्रवारी मी वांद्र्याला गेयटीत फर्स्ट शो बघून बाहेर पडलो तर दहा-बारा पोरं माइक घेऊन उभी. एकाने माझ्या तोंडासमोर माइक धरला, "अंकल, पैसा वसूल?" मी म्हटलं थांब, सांगतो, आणि शेजारी बघितलं. म्हणजे सवयीने. शेजारी कोणी नव्हतं. तोपर्यंत तो दुसऱ्याकडे गेला.

आमचं ते केबलचं प्रकरण मोठ्या कंपनीने लाइन घेतली तेव्हा संपलं. परबकाका गावी गेले, तिकडेच वारले. चाळीच्या जागी टॉवर आहे. सावंतकाकू डोंबिवलीला असतात मुलाकडे, ऐंशीच्या पुढे वय, गुडघे दुखतात पण पिक्चर सोडत नाहीत. त्या गेयटीतल्या पिक्चरबद्दल विचाराल तर माझी बॅटरी बंद, अगदी सेल काढून ठेवलेत. पण काकूंचं उद्याचं तिकीट आहे, दुपारच्या शोचं, आणि त्या म्हणाल्यात, मला आधी काही सांगू नकोस. नमस्कार.