दोन भाषांनी मूल गोंधळत नाही

नमस्कार मंडळी. मी मुंबईची, परळला लहान मुलांसाठी स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. तिकडे दादर-परळचे आईबाबा जे विचारतात तेच इथे आल्यापासून तुमच्याकडूनही ऐकतेय, घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी, पोराचा गोंधळ तर नाही ना होणार?

नाही होत हो. मुंबईतलं पोर घरात मराठी, बिल्डिंगखाली खेळताना हिंदी आणि शाळेत इंग्रजी असंच वाढतं. माझ्याकडे येणारी एक चार वर्षांची चिमुरडी पावसातून आली आणि म्हणाली, "आजी, माझे शूज वेट झालेत." आजीचा चेहरा पडला, गेली मराठी! मला मात्र भारी वाटलं, कारण ते "माझे" आणि "झालेत" बघा, अनेकवचन बरोब्बर लावलंय, व्याकरण पक्कं मराठी आहे.

शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा, एकाच भाषेतले मोजले तर कमीच भरणार. पण मूल दोन वर्षांचं झालं तरी दोन्ही मिळून पन्नासेक शब्द येत नसतील, दोन शब्द जोडत नसेल, तर "दोन भाषा आहेत ना म्हणून उशीर" असं म्हणत थांबू नका प्लीज, कान तपासा, थेरपिस्टला दाखवा.

आता मेंदूचं. 1984 मध्ये कॅनडातल्या वर्कर आणि टीस या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळही हिंदीतला त आणि ट वेगळा ओळखतं, पण वर्षाचं होईस्तोवर बहुतेकांचं ते कसब जातं, कारण ते आवाज कानावरच पडत नाहीत. हिंदी घरातल्या बाळांचं टिकतं. आणि 2003 मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला, समोर माणूस बसून चिनी बोलत खेळला तर बाळं ते आवाज शिकली, तेच टीव्हीवर दाखवलं तर काहीच नाही. म्हणून सांगते, नुसती यूट्यूबवर बालगीतं लावून भागणार नाही, अंघोळ घालताना, वरणभात भरवताना तुम्हीच बोला.

दोन भाषांनी मूल जास्त हुशार होतं असे मेसेज फिरतात, त्याच्या मागे लागू नका, काही अभ्यासांत फायदा दिसला, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत फारसा नाही दिसला. आजीशी पोटभर बोलता येतं, मला तेवढं कारण पुरे आहे.

वाचनात मात्र मराठीची मदत होते, आपल्याकडे लिहिलंय तसंच बहुतेक वाचायचं, त्यामुळे अक्षर म्हणजे आवाज हे लवकर कळतं आणि ती समज इंग्रजीतही कामाला येते. जोडाक्षरांना वेळ लागतो, लागू दे, घाई करू नका.

चहाच्या वेळी मी पुस्तकांच्या टेबलापाशी आहे, ज्यांना आपल्या मुलाबद्दल विचारायचंय त्यांनी या, मुलालाही घेऊन या.