चोकेकिराओ: पाठीवरून जाणारी वाट

दृश्य: खेचराच्या डोळ्यांवर पोंचो, अगदी जवळून

सगळ्यात आधी डोळे झाकायचे. खेचराचे. खांद्यावरचा पोंचो काढून त्याच्या तोंडावर टाकला की ते एकदम गप्प उभं राहतं, मग पाठीवर दोन घोंगड्या, त्यावर गादीसारखं जाड खोगीर, आणि मग पोटाखालून तंग. तंग आवळताना आमचे खेचरवाले काका काय करतायत बघा, चक्क पाय लावलाय खेचराच्या बरगडीला आणि दोन्ही हातांनी दोर खेचतायत. छळ नाही हो हा. खेचर बेरकी असतं, तंग आवळायच्या वेळी पोट फुगवून उभं राहतं, नंतर श्वास सोडला की सगळं ढिलं, म्हणून वीसेक पावलं चालवायचं आणि बेसावध असताना परत आवळायचं.

ओझं दोन्ही बाजूंना सारखं हवं. वजनकाटा नाही, काका दोन्ही पोती दोन हातांत धरून जरा झुलवतात, मान हलवतात, इकडचे चार बटाटे काढून तिकडे टाकतात. एका खेचरावर साठेक किलो. आमचे तंबू, गॅसची टाकी, बटाटे, तांदूळ, आणि सगळ्यात वर गवतात गुंडाळलेला हा ट्रे, तीस अंडी. ही अंडी आमची नाहीत, वर एका घरी पोचवायची आहेत. ट्रे लक्षात ठेवा.

दृश्य: काचोरा गाव, मागे बर्फाचा डोंगर

हे पेरू. कुस्को शहरापासून गाडीने चारेक तास आल्यावर काचोरा नावाचं गाव लागतं, तिथून आपल्याला चालायचंय चोकेकिराओला. इंका लोकांचं डोंगरातलं शहर, इंकांच्याच प्रसिद्ध माचू पिचू शहराची धाकटी बहीण असं सगळे म्हणतात, मला ती उपमा आवडत नाही, धाकटी कसली, पसारा बघितला तर ही थोरलीच ठरेल, आणि अजून दोन-तृतीयांश जंगलाखालीच आहे. नाव इंकांच्या केचुआ भाषेतलं. सोन्याचा पाळणा असा अर्थ सांगतात.

माचू पिचूला एका दिवसात चार-साडेचार हजार माणसं जातात. इथे वर्षाकाठी काही हजार. कारण सोपंय, इथे ट्रेन नाही, बस नाही, काहीच नाही. एका बाजूने साधारण तीस किलोमीटर चालायचं आणि तेवढंच परत. आम्ही पाच दिवस घेतले, लोक चार दिवसांतही करतात, आम्हाला शूटिंग होतं. (आणि गुडघेही होते.)

जूनचा शेवट. आपल्याकडे धो धो पाऊस, इकडे कोरडा हिवाळा, आकाश असं निळं की कॅमेऱ्यात खोटं वाटतं.

दृश्य: कापुलियोकच्या कडेवरून खाली

इथे आवाज बंद ठेवून दोन मिनिटं नुसतं बघा असं सांगणार होतो, पण थोडं सांगतोच. ही कापुलियोकची कड, उंची साधारण २९०० मीटर. खाली ती चांदीची रेघ दिसते ना, ती अपुरिमाक नदी, १५०० मीटरवर. आणि समोरच्या डोंगरावर खरवडल्यासारखी नागमोडी रेघ दिसतेय ती आपली उद्याची वाट. म्हणजे आज १४०० मीटर खाली उतरायचं आणि उद्या तेवढंच परत वर चढायचं. आपलं कळसूबाई बारीतून चढतो ते जेमतेम ९०० मीटर भरतं. दीड कळसूबाई उतरा, नदी ओलांडा, दीड कळसूबाई चढा, आणि परतीला पुन्हा तेच. वाटेत दगडांवर किलोमीटरचे आकडे रंगवलेत, ते बघायचे नाहीत, माझं ऐका.

अपू म्हणजे डोंगराचा देव, रिमाक म्हणजे बोलणारा. अपुरिमाक, बोलणारा देव. अॅमेझॉनच्या सगळ्यात लांबच्या उगमांत हिचं नाव घेतात. रात्री तंबूत पडल्यावर बोलणं ऐकू येतं, तो आवाज मागे लावलाय, फोनवर रेकॉर्ड केलाय त्यामुळे जरा खरखर आहे.

दृश्य: पायावरचे चावे

हे माझेच पाय. दरीच्या तळाला उकाडा, निवडुंग, आणि ह्या बारीक माशा. इथल्या भाषेत त्यांना पुमावाकाची म्हणतात, पुमाला रडवणारी. पुढचं सांगायला नको.

दृश्य: प्लाया रोसालिना, पूल

आत्ता पूल आहे. मधे काही वर्षं नव्हता, पुरात वाहून गेला होता, तेव्हा माणसं तारेला टांगलेल्या पाळण्यातून नदी ओलांडायची, त्याला ओरोया म्हणतात. काकांनी तेव्हाही धंदा सोडला नव्हता. खेचरं तर पाळण्यात बसत नाहीत, मग इकडची खेचरं इकडे, तिकडची तिकडे, मधे सगळं सामान सोडायचं, तारेवरून पलीकडे न्यायचं, दुसऱ्या खेचरावर परत बांधायचं. दोन वेळा तंग, दोन वेळा डोळे झाकणं. सांगताना काका हसत होते, आम्ही नाही हसलो.

एक सांगायचं राहिलं, खेचर हे इथलं जनावर नाही. गाढव आणि घोडी दोन्ही स्पॅनिश लोकांबरोबर आली. त्याआधी ह्या डोंगरांत ओझं वाहायचं ते लामाने, म्हणजे उंटाच्या कुळातल्या इथल्या लोकरी जनावराने, आणि लामा पंचवीस-तीस किलोच्या वर उचलत नाही, जास्त लादलं तर बसकण मारतो, उठत नाही, वर थुंकतो. म्हणजे वर जे शहर बघणार आहोत तिथलं धान्य लामाच्या पाठीवरून आणि माणसाच्या पाठीवरून चढलं. हे डोक्यात ठेवून चढण चढलं की गप बसायला होतं.

दृश्य: चढण, काकांची पाठ

पहाटे चारला निघालो कारण ऊन आलं की ह्या चढावर सावलीचं एक झाड नाही. वाटेतल्या सांता रोसा वस्तीवर उसाचा रस मिळाला. काका गालात कोकाची पानं धरून चालतात, मला पण दिली, चव म्हणाल तर वाळलेला पालापाचोळा, पण दम कमी लागला असं वाटलं, वाटलंच असेल. मी त्यांना घरची शेंगदाण्याची चटणी दिली. त्यांनी ती नुसती खाल्ली, चमच्याने, आणि विचारलं तुमच्याकडे पण मानी होतो का, इकडे भुईमुगाला मानी म्हणतात. काका, तो तुमच्याकडूनच आलाय आमच्याकडे. भुईमूग, बटाटा, मिरची, सगळं ह्याच खंडातलं. आपलं उपवासाचं अर्धं ताट दक्षिण अमेरिकेतून आलंय.

काका म्हणतोय पण त्यांना तिओ म्हणतात सगळे. अर्थ तोच.

दृश्य: मराम्पाता, अंड्यांचा ट्रे उघडताना

मराम्पाता. मोजकी घरं, ढगाच्या थोडी वर. ट्रे उघडला. एक, दोन, तीन... ज्यांच्या घरी अंडी पोचवायची होती त्या मावशी एकेक अंडं उचलून उन्हाकडे धरून बघतात. तीसपैकी दोन फुटली. काका म्हणाले, मागच्या वेळी एकच. ह्या दुकानातली प्रत्येक वस्तू, बिस्किटाचा पुडा, कोकची बाटली, मीठ, साबण, खेचरावरून आलीय, त्यामुळे भाव खालच्या दुप्पट, आणि तो भाव कमीच आहे हे तंग आवळताना बघितलेल्या माणसाला सांगायला नको. रात्री सूप, भात, वर तळलेलं अंडं. त्या अठ्ठावीसातलंच.

मावशींची मुलं शाळेसाठी खाली राहतात, सुट्टीत वर येतात. इथे रोपवे येणार अशी चर्चा आहे, त्याबद्दल मावशींचं मत आमच्यापेक्षा वेगळं होतं, ते कॅमेऱ्यात नाहीये, बॅटरी संपली होती.

दृश्य: धुकं सरकतंय, मुख्य चौक

आलो. ३०५० मीटर. सकाळी सात वाजता अख्ख्या चौकात आम्ही चौघं आणि एक राखणदार, बस. ड्रोनला परवानगी नव्हती म्हणून हे सगळं हातातल्या कॅमेऱ्याने घेतलंय, हलतंय थोडं, चालवून घ्या.

पंधराव्या शतकातलं काम हे, इंका राजा पाचाकुती आणि त्याचा मुलगा तुपाक इंका युपांकी ह्यांच्या काळातलं. कुस्कोच्या भिंती बघितल्या असतील तर तिथे दगड असे घासून बसवलेत की पातं जात नाही. इथे तसं नाही. इथला दगड पापुद्र्यांचा, ठोकला की पाटीसारखा फुटतो, मग त्यांनी तो तसाच रचला, मधे मातीचा गारा, वरून गिलावा. गिलावा बराचसा गेलाय. पण दारं बघा, खाली रुंद वर निमुळती, चौकटीत अजून एक चौकट, भूकंपाच्या मुलखात अशीच दारं टिकतात. हा पाण्याचा पाट, डोंगराच्या पोटातून आणून चौकातून फिरवलेला. ही लांबलचक कोठारं. आणि ती समोरची टेकडी, माथा तासून सपाट केलाय, उस्नू म्हणतात, विधींची जागा. टेकडीचं टोक कापलं हो, लोखंडाचं एक हत्यार नसताना.

१५३६ मध्ये मांको इंका ह्या राजाने स्पॅनिशांच्या ताब्यातल्या कुस्कोला वेढा घातला, तो फसला, आणि तो ह्याच डोंगरांच्या मागे विल्काबाम्बाकडे गेला. तिथून पुढे छत्तीस वर्षं इंकांचं राज्य रानात तग धरून होतं, १५७२ ला स्पॅनिशांनी शेवटचा इंका तुपाक आमारू धरला, कुस्कोच्या चौकात मारला. नंतर इथे झाडं वाढली.

नंतर आले ते खजिना शोधणारे. फ्रेंच माणूस सार्तिज १८३४ ला येऊन गेला. १९०९ ला हायरम बिंगम आला, तोच तो माचू पिचूवाला, तिथे तो १९११ ला पोचला, त्याच्या दोन वर्षं आधी इथे. त्याला इकडच्या प्रीफेक्टने, म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर धरा, बोलावून आणलं होतं, प्रीफेक्टला सोनं हवं होतं. सोनं काही मिळालं नाही. बिंगमला इथल्या पाटीच्या दगडांवर आधी आलेल्यांची नावं मिळाली, सालासकट, सार्तिजचं पण. त्याने ती सगळी उतरवून घेतली. गडावर नाव कोरायची खाज आपलीच नाही, एवढंच म्हणतो.

दृश्य: पांढरे लामा, समोरच्या ओट्यावरून

आता ह्यासाठीच आलो होतो. चौकातून पलीकडच्या उतारावर पायऱ्या उतरत, जवळजवळ दोर लावावा असा उतार, तासभर खाली. मग समोर वळून बघायचं.

ह्या ताली बघा आधी. कोकणात गडगे घालतात तशा, पण माणसापेक्षा उंच, आणि आत डोंगराकडे कललेल्या. मागे तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू, सगळ्यात वर माती, ती बहुतेक खालून वाहून आणलेली. पाऊस पडला की पाणी थरांतून झिरपत खालच्या तालीत, तिथून अजून खालच्या. भिंत फुगत नाही, दरड येत नाही. पाचशे वर्षं झाली. आमच्या इमारतीची संरक्षक भिंत तीन पावसाळ्यांत गेली, जाऊ दे.

आणि ह्या काळ्या भिंतींत पांढऱ्या दगडाने लामा बसवलेत. एक दोन नाही, वीसहून जास्त. रानाखाली गाडलेले होते, २००४ च्या सुमाराला झाडी काढताना सापडले. कॅमेरा सावकाश फिरवलाय, मोजा. मान उंच, चार पाय, शेपटी. एका मोठ्या लामाजवळ छोटं पिल्लू. सगळा तांडा एकाच दिशेला निघालाय. आणि तिथे, हा, तो माणूस आहे. हाकणारा.

इंकांच्या दुसऱ्या कुठल्याच शहरात असं नाही. उत्तरेकडच्या चाचापोया लोकांना इथे आणून वसवलं होतं, त्यांच्या हातचं काम असावं असं काही अभ्यासक मानतात. मला त्यातलं कळत नाही. काकांना विचारलं हे लामा कशासाठी काढले असतील. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, तिसरा आहे ना वरून, त्याचं ओझं नीट बांधलेलं नसणार, मान बघ कशी धरलीय.

ओझं भिंतीत दाखवलेलंच नाहीये. त्यांना दिसलं.

दृश्य: पलीकडचा डोंगर, कियुन्याया गावाची बाजू

तिकडून रोपवे येणार अशी चर्चा गेली दहाहून जास्त वर्षं चालू आहे, दरीवरून थेट, पंधरा-वीस मिनिटांत लोक इथे. दोन प्रांतांची भांडणं, सरकारं बदलणं, ह्यात अडकलाय. झाला तर म्हातारी माणसं येतील, पैसा येईल, वाटेवरच्या खेचरवाल्यांचं काय ते बघावं लागेल. माझी आजी रायगडावर रोपवेनेच गेली होती आणि महाराजांच्या समाधीशी अर्धा तास बसली होती, त्यामुळे मी फार बोलत नाही.

दृश्य: परतीची चढण, मग कापुलियोक

पाचवा दिवस. परतीला खेचरांवर रिकामी गॅसची टाकी, मराम्पाताच्या रिकाम्या बाटल्यांची दोन पोती, आणि अंड्यांचा रिकामा ट्रे, दुमडून. शेवटची चढण संध्याकाळी पाचला संपली. काकांनी तंग सोडला, खोगीर उतरवलं, घोंगड्या ओढून काढल्या, खालची पाठ घामाने काळी झालेली. खेचराने दोन पावलं टाकली, गुडघे टेकले आणि धुळीत आडवं झालं, चारी पाय वर, इकडून तिकडे लोळतंय.

इथून पुढे निवेदन नाही. संगीतही नको. घंटेचा आवाज आहे तेवढा राहू दे, आणि काका ट्रे झटकून खोगिराला बांधतायत तो शॉट पूर्ण ठेवा, कापू नका.