चुकीची छत्री

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नागपुरात बर्डीवर एका टपरीवर चहा घेतला, पाऊस उघडला तशी कोपऱ्यातली काळी छत्री काखेत मारून निघालो. व्हरायटी चौकात पुन्हा सर आली. छत्री उघडायला गेलो तर मुठीला लाल दोरा! माझ्या छत्रीला दोरा नव्हता.

ही झाली 'राँग' छत्री. पण मी केलं ते 'राँगफुल' होतं का?

राँग हा शब्द आपण केव्हाच घरात घेतलाय. राँग नंबर, राँग साइड. उत्तर राँग येतं, पण राँगफुल उत्तर कुणी म्हणत नाही. राँगफुल म्हणतात ते माणसाच्या कृतीला, आणि तीही दुसऱ्याच्या हक्कावर पाय देणारी. गंमत म्हणजे राँग या शब्दाचा जुना अर्थ वाकडं, पिळलेलं. कायद्यातला 'टॉर्ट', म्हणजे ज्याची भरपाई मागता येते असं गैरकृत्य, हा शब्दही लॅटिनमधल्या पिळण्यावरूनच आलाय. आपणही 'वाकड्या वाटेनं कमावलं' म्हणतोच की!

कायद्याच्या मराठीत राँगफुलसाठी 'गैर' येतो: गैरलाभ, गैरहानी. (गैरहजेरीतला गैर वेगळा, शाळा बुडवणाऱ्यांनी घाबरू नये.) गैरलाभ म्हणजे ज्यावर आपला कायदेशीर हक्क नाही अशी मालमत्ता बेकायदेशीर मार्गानं मिळवणं. १८६० च्या दंड संहितेतली ही व्याख्या १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे.

आता छत्री. दुसऱ्याची वस्तू आपलीच समजून प्रामाणिकपणे उचलली, तर ती चोरी नाही, कारण मनात लबाडी नाही. म्हणजे टपरीपासून चौकापर्यंत मी नुसता वेंधळा. पण चूक कळल्यावरही लबाडीनं वस्तू ठेवून घेतली, तर तो अपहार, न्याय संहितेचं कलम ३१४. नेमका हाच दाखला कायद्यानं दिलाय. छत्री तीच, हात तोच, मधे फक्त लाल दोरा दिसला.

खोटं कशाला सांगू, छत्री माझ्यापेक्षा चांगली होती. दोन मिनिटं तिथंच उभा राहिलो. मग मागं फिरलो.

टपरीवर एक काका बाकावर बसले होते, मांडीवर माझी छत्री. दोऱ्याकडे पाहत म्हणाले, "आणली का भाऊ? तुमचीवाली उघडतच नाही ना!"